अमिगा ५०० ते मॉडेम : केबल सोल्डर करण्यापूर्वी

अमिगा ५०० हा संगणक मॉडेमला (फोनलाइनवरून डेटा पाठवणाऱ्या यंत्राला) जोडणारी केबल तयार करण्यासाठी या पाकिटात २५ पिनांचे दोन कनेक्टर, दोन हूड (कनेक्टरची झाकणं) आणि २ मीटर शील्डेड केबल आहे. केबलमध्ये तारा नऊच आहेत. त्या कमी पडल्या असं समजून घरातली २५ तारांची पट्टी केबल कृपया वापरू नका.

कारण असं : १९८७ च्या अमिगा ५०० च्या सीरियल पोर्टवर ९ नंबरच्या पिनवर +१२ व्होल्ट आणि १० नंबरवर −१२ व्होल्ट असतात. ११ आणि १८ वर आवाजाचे सिग्नल असतात. सगळ्या तारा सरळ जोडल्या, तर हे व्होल्टेज थेट मॉडेममध्ये शिरतं. म्हणून जोडायच्या पिना फक्त २, ३, ४, ५, ६, ७, ८, २० आणि २२. शील्डची जाळी संगणकाच्या बाजूला १ नंबरला लावा, मॉडेमच्या बाजूला मोकळी सोडा.

प्रत्येक पिन त्याच नंबरच्या पिनला. २ आणि ३ उलटसुलट करायच्या नाहीत. तो प्रकार दोन संगणक एकमेकांना जोडताना लागतो. ४ आणि ५ गाळायचा मोह टाळा. वेगवान मॉडेम ‘जरा थांब’ हे ५ नंबरवरूनच सांगतो, आणि ते ऐकू आलं नाही की मधली अक्षरं गळतात.

फीमेल (भोकांचा) कनेक्टर संगणकाकडे, मेल (पिनांचा) मॉडेमकडे. मागून पाहताना नंबरांची दिशा उलटते, त्यामुळे अंदाजाने मोजू नका. प्लास्टिकवर बारीक अंक कोरलेले असतात, ते भिंगातून वाचा. तारेवर स्लीव्ह (प्लास्टिकची बारीक नळी) आधी ओवा, मग सोल्डर करा.

हूड बंद करण्याआधी मल्टीमीटर बीपवर ठेवून एकेक तार तपासा. शेजारच्या पिनांमध्ये बीप येता कामा नये. ९ आणि १० या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पच राहिल्या पाहिजेत.

केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. चालू यंत्रात केबल खुपसल्याने पोर्टमागच्या १४८८ आणि १४८९ या चिप जळू शकतात.

अमिगा १००० वाल्यांनी हा संच वापरू नये. त्याचा पोर्ट फीमेल आहे आणि व्होल्टेज १४, २१ व २३ या पिनांवर येतं. ऑर्डर देताना मॉडेल कळवा, त्याची केबल आम्ही वेगळी देतो.

शेवटी टर्मिनल प्रोग्राममध्ये (मॉडेमशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये) आरटीएस/सीटीएस, म्हणजे ४ आणि ५ नंबरच्या तारांवरून थांबा-चला सांगण्याची पद्धत, निवडा. मग एटी ही मॉडेमला हाक मारणारी आज्ञा टाइप करून रिटर्न दाबा. पडद्यावर ओके आलं, की केबल बरोबर बोलते आहे. काहीच आलं नाही, तर आधी २, ३ आणि ७ पुन्हा तपासा.