रिमोटचा सिग्नल ‘चोरून’ गाडी उघडता येते का?

खडेबाजारात गाडी लावली की रिमोट वापरू नका, चोर सिग्नल पकडतो आणि तोच पुन्हा सोडून गाडी उघडतो. हा मेसेज बेळगाव-निपाणीच्या ग्रुपांवर कित्येक वर्षं फिरतोय.

भीती निराधार नाही. अगदी जुन्या रिमोटचा कोड कायम एकच असायचा. पण १९९० च्या दशकापासून ‘रोलिंग कोड’ आला. बटण दाबलं की दरवेळी नवा कोड जातो. वापरून झालेला कोड गाडी पुन्हा स्वीकारत नाही. म्हणून नुसतं रेकॉर्डिंग कुचकामी. गाडीच्या पुस्तिकेत ‘रोलिंग कोड’ हा शब्द शोधा. बाहेरून बसवलेलं स्वस्त सेंट्रल लॉक असेल, तर बसवणाऱ्याला विचाराच. तिथे जुनी पद्धत असू शकते.

खरा धोका वेगळाच, आणि मेसेजात तो नसतो. एक म्हणजे जॅमर, सिग्नल अडवणारं यंत्र: तुम्ही बटण दाबता, सिग्नल गाडीपर्यंत पोचतच नाही, गाडी उघडीच राहते. दार एकदा ओढून बघा, संपलं. दुसरा बिनचावीच्या, बटण स्टार्ट गाड्यांचा; रिमोट-चावी नुसती जवळ असली की त्यांचं दार उघडतं. घरात ठेवलेल्या चावीचा सिग्नल दोन यंत्रांनी लांबवून गाडीपर्यंत नेता येतो. इथे कोड ताजाच असतो, त्यामुळे रोलिंग कोड काही करू शकत नाही. सिग्नल अडवायला चावी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला, आणि तो अडतो का हे बघायला डबा हातात घेऊन गाडीपाशी जा. दार उघडलं, तर तो डबा कुंदा ठेवायलाच बरा, दुसरा शोधा.