ग्राफिंग कॅल्क्युलेटर

ग्राफिंग कॅल्क्युलेटर हे हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र असून त्याच्या पडद्यावर फलनांचे (फंक्शनचे) आलेख काढता येतात, आलेखावरील बिंदूंचे सहनिर्देशक वाचता येतात, समीकरणांची उत्तरे सांख्यिक पद्धतीने शोधता येतात आणि लहानसहान प्रोग्रॅमही लिहून साठवता येतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे दिसणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर प्रामुख्याने एका वेळी एका आकडेमोडीचे उत्तर देतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर मात्र एकाच सूत्रात ओळीने शंभरएक किंवा त्याहून अधिक किमती घालतो आणि आलेल्या उत्तरांचे ठिपके जोडून चित्र उभे करतो. वक्र म्हणून दिसते ते हे जोडलेल्या ठिपक्यांचे चित्र असते. शालेय गणितात या यंत्राचा जो उपयोग होतो आणि जे घोटाळे होतात, ते दोन्ही यातूनच निघतात.

बाजारात आलेला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे जपानच्या कॅसिओ कंपनीचा १९८५ मधील एफएक्स-७०००जी. त्याच्या पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके होते आणि प्रोग्रॅमसाठी अवघे ४२२ बाइट इतकी जागा होती. ह्युलेट-पॅकार्डने १९८७ मध्ये एचपी-२८सी आणला, तर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९९० मध्ये टीआय-८१ आणला. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने टीआय-८१ फार पुढचा नव्हता, पण तो अमेरिकी शाळांसमोर नेमक्या वेळी आला. तेथील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९८९ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमविषयक मानकांत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आलेख काढणारा कॅल्क्युलेटर नेहमी हाताशी असावा, असे म्हटले होते. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रँक्लिन डेमाना आणि बर्ट वेट्स हे दोन प्राध्यापक शिक्षकांना या यंत्राचे प्रशिक्षण देत होते. पुढे १९९५ पासून ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकवणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमातील कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) परीक्षेत ग्राफिंग कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला आणि एक सोयीची वस्तू शालेय साहित्याच्या यादीत जाऊन बसली. टीआय-८३ (१९९६), टीआय-८४ प्लस (२००४) आणि रंगीत पडद्याचा टीआय-८४ प्लस सीई (२०१५) ही त्याच घराण्यातील पुढची यंत्रे आहेत. त्यांच्या कळांची मांडणी इतकी सारखी राहिली, की थोरल्या भावंडाचे जुने यंत्र धाकट्याला वर्गात सहज चालते.

खरेदी करताना किमतीआधी परीक्षेचा नियम पाहावा. काही यंत्रे बैजिक पदावली अक्षररूपातच सोडवतात, म्हणजे अवयव पाडतात किंवा विकलजाचे (डेरिव्हेटिव्हचे) सूत्रच लिहून देतात. टीआय-८९ आणि टीआय-एनस्पायर सीएएस ही अशी यंत्रे असून अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या एसीटी परीक्षेत ती चालत नाहीत, त्यामुळे जास्त पैसे देऊन घेतलेले यंत्र परीक्षेच्या दिवशी घरी ठेवावे लागते. त्यानंतर वर्गातील शिक्षक कोणते यंत्र वापरतात, हे विचारून घ्यावे. अमेरिकी वर्गांत सूचना पुष्कळदा कळागणिक दिल्या जातात, “आता ‘2nd’ कळ, मग ‘ट्रेस’ कळ” अशा. कॅसिओची एफएक्स-९७५० मालिका बरीच स्वस्त आहे आणि शालेय गणितासाठी पुरेशी आहे. पण वर्गात सगळे टीआय-८४ वापरत असतील, तर कॅसिओ घेणाऱ्या मुलाला प्रत्येक मेनू स्वतः शोधावा लागतो. ज्या मुलाला माहितीपुस्तिका उघडून बसण्याची आवड आहे त्याने ते खुशाल घ्यावे, गणितात आधीच गोंधळलेल्या मुलावर मात्र हे दुसरे ओझे टाकू नये. टीआय-८४ प्लस सीई नवा घेतल्यास शंभर डॉलरच्या वर खर्च येतो, आणि एवढी रक्कम प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणून अनेक शाळा वर्षभरासाठी यंत्र उसने देतात. शाळेच्या मालकीची यंत्रे चटकन ओळखू यावीत यासाठी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ती ठळक पिवळ्या रंगातही पुरवते. शाळेकडे अशी सोय आहे का, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

वापरलेले यंत्र घेणेही शहाणपणाचे असते, मात्र ते हातात घेऊन तपासावे. टीआय-८३ किंवा टीआय-८४ प्लसचे मागचे झाकण काढून चार ट्रिपल-ए सेलच्या पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर चढला आहे का ते पाहावे. गळलेल्या सेलने पत्रे खाल्ले असतील, तर यंत्र आज चालते आणि उद्या बंद पडते. मग दुसऱ्या कार्याची ‘2nd’ कळ दाबून वरच्या बाणाची कळ दाबून धरावी. पडदा गडद होत काळा पडतो आणि ठिपक्यांची एखादी रांग मेलेली असेल, तर ती फिकट रेघ होऊन दिसते. सीई या प्रकारात सेल नसतात. त्यात चार्ज होणारी लिथियम बॅटरी असते आणि तिला जुन्या धाटणीची मिनी-यूएसबी केबल लागते, तेव्हा केबलही मागून घ्यावी.

वापरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खिडकी, म्हणजेच दोन्ही अक्षांचा कोणता भाग पडद्यावर दाखवायचा याची निवड. टीआय यंत्रांची प्रमाण खिडकी दोन्ही अक्षांवर −१० ते १० अशी असते. तिच्यात य = क्ष² + २० हे फलन काढले, तर पडदा रिकामा राहतो आणि नवखा विद्यार्थी यंत्र बिघडले असे समजतो. वास्तविक त्या अन्वस्ताचा शिरोबिंदूच २० उंचीवर असतो. फलनाची किमान किंमत काय असेल, याचा अंदाज मनाशी बांधल्याशिवाय खिडकी ठरवता येत नाही, आणि हा अंदाज बांधायला लावणे हीच या यंत्राची सर्वांत मोठी शैक्षणिक देणगी आहे. त्याच खिडकीत वर्तुळ काढले तर ते आडवे ताणल्यासारखे दिसते, कारण पडदा उंचीपेक्षा रुंद असूनही दोन्ही अक्षांवर सारखीच २० एकके बसवलेली असतात. दोन्ही अक्षांची मोजपट्टी सारखी करणारी आज्ञा झूम मेनूत असते.

जुन्या टीआय यंत्रावर य = १/(क्ष − १) काढून पाहण्यासारखे आहे. आलेखासाठी ९५ आडवे ठिपके वापरले जातात, म्हणून प्रमाण खिडकीत दोन ठिपक्यांतील अंतर सुमारे ०.२१ येते. क्ष = १ हा बिंदू कोणत्याच ठिपक्यावर पडत नाही. त्याच्या डावीकडच्या ठिपक्यावर किंमत सुमारे −६.७ येते, उजवीकडच्या ठिपक्यावर सुमारे १५.७ येते, आणि यंत्र या दोन्ही बिंदूंना प्रामाणिकपणे जोडून एक उभी रेघ ओढते. विद्यार्थी ती रेघ आलेखाचाच भाग समजून वहीत उतरवतात. तेथे फलन अस्तित्वातच नाही. नव्या यंत्रांत अशी जागा ओळखण्याची सोय आहे, तरीही हा प्रयोग प्रत्येक वर्गात एकदा करून दाखवावा, कारण ठिपके जोडणे म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कळत नाही.

नित्याच्या चुकांत कोनाचे एकक पहिल्या क्रमांकावर येते. यंत्र अंशांवर ठेवून प्रमाण खिडकीत साइनचा आलेख काढला, तर लाटेऐवजी क्ष-अक्षाला चिकटलेली जवळजवळ सपाट रेषा दिसते, कारण १० अंशांचे साइन ०.१७ इतकेच असते आणि पडद्यावरील एका ठिपक्याची उंची ०.३२ असते. उणे चिन्हाची कळ आणि वजाबाकीची कळ वेगळ्या असतात, त्यांची अदलाबदल झाली तर चूक दाखवली जाते किंवा भलतेच उत्तर येते. −३ चा वर्ग कंसाविना लिहिल्यास उत्तर −९ येते. विकलजाची आज्ञाही डोळे मिटून स्वीकारू नये. टीआय यंत्र बिंदूच्या दोन्ही बाजूंना ०.००१ अंतरावरील किमतींचा फरक घेऊन उतार काढते, त्यामुळे केवल मूल्य |क्ष| या फलनाचा शून्यापाशी विकलज ते ० सांगते. तेथे टोक असल्याने विकलज नाहीच, आणि हे विद्यार्थ्यालाच माहीत असावे लागते.

ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या कलनाच्या परीक्षेत यंत्राकडून चार कामांची अपेक्षा असते: हव्या त्या खिडकीत आलेख काढणे, समीकरणाची मुळे शोधणे, विकलजाची सांख्यिक किंमत काढणे आणि निश्चित संकलकाची (डेफिनिट इंटिग्रलची) सांख्यिक किंमत काढणे. तिच्या रूढ रचनेत ४५ बहुपर्यायी प्रश्नांपैकी १५ आणि ६ दीर्घोत्तरी प्रश्नांपैकी २ यांनाच कॅल्क्युलेटर चालतो, बाकी सारे हाताने सोडवायचे असते. यंत्राने मुलांचे गणित बुडते, ही तक्रार करताना हे प्रमाण लक्षात घ्यायला हवे.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या डेसमॉस या कंपनीने हेच काम ब्राउझरमध्ये मोफत उपलब्ध करून दिले, आणि अमेरिकेत २०२४ पासून संगणकावर होणाऱ्या सॅट या महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेत डेसमॉसचा कॅल्क्युलेटर पडद्यावरच दिलेला असतो. ज्यांना यंत्र घेणे जड जात होते, त्यांच्यासाठी हा बदल खरोखर मोलाचा आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गणिताच्या परीक्षेत कोणताच कॅल्क्युलेटर चालत नाही, केंद्रीय मंडळाच्याही नाही. अभियांत्रिकीच्या गेट परीक्षेत पडद्यावरचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर मिळतो, ग्राफिंगचा नाही. त्यामुळे हे यंत्र येथे मुख्यतः मुंबई-पुण्यातील इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत दिसते. तेथे परीक्षेआधी ते परीक्षा-स्थितीत नेऊन साठवलेली माहिती बंद करावी लागते. २०२१ पासून परीक्षेला असलेल्या तेथील दोन गणित विषयांपैकी ‘ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ला सर्व पेपरना ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो, तर ‘ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस’चा पहिला पेपर त्याच्याविनाच लिहायचा असतो.