साथरोगांची गणिती प्रारूपे

साथ किती वेगाने पसरेल, कधी ओसरेल आणि कोणत्या उपायाने आटोक्यात येईल, याचा समीकरणांच्या साहाय्याने बांधलेला अंदाज म्हणजे साथरोगाचे गणिती प्रारूप. सर्वांत परिचित प्रारूपात लोकांचे तीन गट पाडतात : लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले (मृतही यातच धरतात). नव्या लागणी पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होतात. म्हणून आलेख आधी झपाट्याने चढतो आणि लागण होण्याजोगी माणसे कमी उरली की उतरतो. कोणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी अडीच जणांना लागण देत असेल, तर सुमारे ६० टक्के लोक रोगप्रतिकारक्षम झाल्यावर साथ मागे हटू लागते. लसीकरणाचे उद्दिष्ट याच हिशोबातून काढतात.

कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या स्कॉटिश संशोधकांनी १९२७ मध्ये हे प्रारूप मांडले, तेव्हा पडताळ्यासाठी मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधील मृत्यूंचे आकडे घेतले. वक्र छान जुळला. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता आणि समीकरणात ना उंदीर होते ना पिसवा. तरीही जुळला; म्हणजे वक्र जुळला म्हणून प्रारूप खरे ठरत नाही, हे विसरू नये.

या हिशोबातले मोठे गृहीतक असे की शहरातला कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. पुण्यात ते टिकत नाही. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० दरम्यान, कोविडची लागण जास्त असलेल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांच्या रक्ताची तपासणी झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांचा त्यात सहभाग होता. ५१.५ टक्के जणांत प्रतिपिंडे (लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण) आढळली, पण लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ आणि कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के. म्हणजे एका प्रभागाने ६० चा उंबरठा ओलांडलेला, दुसरा त्यापासून बराच लांब, ५१.५ ही सरासरी या दोहोंपैकी कोणाचीच नव्हे. पुढे सप्टेंबरच्या पूर्वार्धातही शहरात रुग्णसंख्या चढतच गेली.

सामायिक संडास वापरणाऱ्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त निघाले. सकाळी सातला बादली घेऊन रांगेत उभा असलेला माणूस आणि बंगल्यात राहणारा माणूस यांना समीकरणात एकच संपर्कदर देता येत नाही. त्यामुळे अलीकडच्या प्रारूपांत वय, घर, कामाची जागा, प्रवास यांनुसार माणसे वेगळी मांडतात, काही तर संगणकात एकेक माणूस स्वतंत्र उभा करतात. अर्थात, तेवढी बारीक माहिती मिळणेच सर्वांत जिकिरीचे असते.