राणीच्या बागेची पार्श्वभूमी : शिवडीतून भायखळ्यापर्यंत

मुंबईतली राणीची बाग म्हटली की बहुतेकांना हत्ती, हरणे आणि अलीकडे पेंग्विन आठवतात. शाळेची सहल, शेंगदाण्याची पुडी आणि पिंजऱ्यासमोरची गर्दी अशीच तिची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ही बाग लोकांसाठी खुली झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून. प्राण्यांसाठी लागणारी वाढीव जागा तिला मिळाली ती जवळजवळ अठ्ठावीस वर्षांनी. आज या बागेतल्या झाडांविषयी जे वाद होतात, ते समजून घ्यायचे असतील तर आधी हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

मुंबई बेटावर वनस्पतींचा अभ्यास याहून बराच जुना आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांना सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले होते. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात त्यांनी आपल्या मुंबईतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख केला आहे. मात्र ती एका माणसाची खाजगी वाडी होती. सरकारी पातळीवर पश्चिम भारतात वनस्पतिउद्यान उभे राहिले ते १८२८ मध्ये, पुण्याजवळ दापोडीला. कंपनी सरकारला अशा बागांतून मुख्यतः उपयोगाची झाडे हवी होती, म्हणजे लष्कराच्या दवाखान्यांसाठी औषधी, शेतकऱ्यांसाठी नवी पिके आणि जहाजांसाठी व इमारतींसाठी लाकूड. दापोडीच्या बागेचे पुढचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, यावरून बाग आणि जंगलखाते यांचा संबंध किती जवळचा होता ते दिसते. गिब्सन यांनी दापोडीतल्या झाडांची चित्रे एका भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली होती. ती चित्रे आज एडिनबराच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत, पण ती काढणाऱ्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही, याची हळहळ वाटते.

मुंबई शहरातली कहाणी याच सुमारास सुरू होते. १८३० मध्ये पश्चिम भारताच्या कृषी आणि उद्यानविद्या संस्थेची स्थापना झाली आणि काही वर्षांतच, १८३५ मध्ये, तिला शिवडी येथे वनस्पतिउद्यानासाठी मोठी जागा मिळाली. या शिवडीच्या बागेशी जोडलेले एक नाव आवर्जून सांगायला हवे, ते जॉन ग्रॅहम यांचे. ग्रॅहम नोकरीने टपालखात्यातले बडे अधिकारी होते, पण त्यांचे मन रमले होते ते झाडांत. मुंबईत आणि तिच्या परिसरात वाढणाऱ्या वनस्पतींची पद्धतशीर यादी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १८३९ च्या मे महिन्यात खंडाळ्याला त्यांचे निधन झाले, तेव्हा पुस्तकाची छपाई अर्धवट होती आणि उरलेले काम त्यांचे स्नेही जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केले. बागेत लावलेली परदेशी झाडे कोणती आणि रानात आपोआप उगवणारी कोणती, हे या यादीमुळे पहिल्यांदा एका जागी वाचायला मिळाले.

शिवडीची बाग टिकली नाही. वाढत्या शहराला युरोपीय दफनभूमीसाठी जागा हवी होती आणि १८६० नंतरच्या दशकात ती बागेच्या जमिनीतूनच देण्यात आली. आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी त्याच जागेवर आहे. बागेला दुसरे घर शोधणे भाग होते आणि ते माझगाव-भायखळ्याच्या सीमेवरच्या माउंट इस्टेट या मालमत्तेत सापडले.

या नव्या घरामागे आणखी एक धागा होता, तो वस्तुसंग्रहालयाचा. फोर्टमधल्या टाउन बराकीत शेतमाल, कारागिरी आणि खनिजे यांचा एक संग्रह जमवलेला होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत बराकी लष्कराला हव्या झाल्या, संग्रह घाईघाईने हलवला गेला आणि त्यातला बराच भाग नष्ट झाला. त्यानंतर संग्रहालय आणि बाग एकत्र, एकाच आवारात आणि लोकवर्गणीतून उभारावी अशी कल्पना पुढे आली. तिच्यामागे तीन माणसे ठामपणे उभी राहिली : ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवणारे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. बागेला व्हिक्टोरिया राणीचे नाव देण्यात राजनिष्ठेचा भाग होताच, पण पैसा उभा केला तो शहराच्या व्यापाऱ्यांनी आणि शेटमंडळींनी. सार्वजनिक बाग म्हणजे सरकारने कृपा म्हणून दिलेली वस्तू नसून नागरिकांनी स्वतःसाठी मागून घेतलेली जागा आहे, हे या बागेच्या बाबतीत अगदी पहिल्या दिवसापासून खरे आहे.

सुमारे तेहतीस एकरांची ही बाग गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या आणि संग्रहालयाचे बांधकाम रखडले. ते अखेर १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. झाडे मात्र बाजारासाठी थांबली नाहीत, ती वाढत राहिली.

त्या वर्षांत बागेत काय चालत असे, याचा एक नमुना जवळून पाहण्याजोगा आहे. देवळांत, दर्ग्यांत आणि चर्चमध्ये जळणारा धूप ज्या झाडांच्या डिंकापासून मिळतो, ती झाडे नेमकी कोणती, याबद्दल युरोपातल्या शास्त्रज्ञांमध्ये बराच गोंधळ होता. हा माल आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्यावरून आणि अरबस्तानातून गलबतांनी मुंबईत येई आणि इथून जगभर जाई. त्यामुळे मुंबईच्या बाजारात डिंकाची पोती पडलेली असत, पण ज्या झाडांचा तो डिंक, ती झाडे इथे कोणी पाहिलेली नव्हती. बर्डवुड यांनी सोमाली किनाऱ्यावरची रोपे मागवली, राणीच्या बागेत वाढवली आणि त्यांच्या अभ्यासावरून १८७० च्या सुमारास सालईच्या प्रजातीतल्या नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका जातीला त्यांनी फ्रिअर यांचे नाव दिले, तर दुसरीचे नाव ठेवले ‘बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना’. एका मराठी डॉक्टरचे नाव लॅटिन नामावलीत शिरले, तेही धूप देणाऱ्या झाडाच्या निमित्ताने. हा मान भाऊ दाजींना शोभणाराच होता, कारण कुष्ठरोगावर त्यांनी केलेले उपचारही वनस्पतीवरच आधारलेले होते.

१८७३ मध्ये बागेचा कारभार कृषी आणि उद्यानविद्या संस्थेकडून नगरपालिकेकडे आला. १८७२ च्या कायद्याने घडलेल्या नव्या महापालिकेचे ते सुरुवातीचेच दिवस होते. संस्थेचे नाव मात्र पुसले गेले नाही. पुण्याचे एम्प्रेस गार्डन आज याच नावाची संस्था सांभाळते आणि तिथले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे. इकडे भायखळ्यात १८९० मध्ये आणखी पंधरा एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालयाची सोय झाली आणि त्यानंतर बागेचा लौकिक हळूहळू बदलत गेला. पिंजऱ्यातला वाघ लांबूनही लक्ष वेधून घेतो, झाडाजवळ मात्र थांबावे लागते.

बागेला शहराच्या अडगळीची खोली मानण्याची सवयही लोकांना पुढे लागली. घारापुरीचा जो दगडी हत्ती पाहून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात कोसळून फुटला होता. त्याचे तुकडे १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले आणि आज तो संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. फोर्टमधला ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा पुतळाही १९६५ मध्ये इथेच आणून ठेवला. स्वातंत्र्यानंतर बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, १९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे.

या सगळ्यात झाडे शांतपणे मोठी होत होती. प्रचंड बुंध्याची गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. तिची मोठी पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांच्यावर येतात. कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून निघालेल्या लोंबत्या देठांवर येतात. जाड, गुलाबी पाकळ्या उलगडल्या की आत मधोमध छोटीशी पिंड आणि तिच्यावर नागाची फणा धरावी तसा पुंकेसरांचा झुपका दिसतो. झाड दक्षिण अमेरिकेतले असूनही मराठी माणसाने त्याला कैलासपती का म्हटले, ते एक फूल हातात घेतले की कळते. उर्वशीची गोष्ट आणखी वेगळी आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख नॅथनिएल वॉलिच यांनी १८२७ मध्ये ब्रह्मदेशात सालवीन नदीकाठच्या एका मठाच्या बागेत हे झाड पाहिले आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्या नावावरून त्याला शास्त्रीय नाव दिले. लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली सुटलेले असतात आणि वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो.

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा ही बाग मुळात वनस्पतिउद्यान आहे याची आठवण करून देण्याचे काम शहरातल्या काही वृक्षप्रेमी नागरिकांना करावे लागले. नुसता विरोध करून भागणार नव्हते, म्हणून ते वह्या घेऊन बागेत फिरले, झाडे ओळखली आणि मोजली. तीन हजारांहून अधिक झाडे आणि त्यांच्या २८६ जाती अशी नोंद त्यातून पुढे आली. मूळ आराखडा त्या स्वरूपात पुढे गेला नाही, प्राणिसंग्रहालयाचे नूतनीकरण मात्र झाले आणि २०१७ मध्ये पेंग्विन लोकांना पाहायला मिळाले. माझ्या मते त्या वह्यांचे मोल मोठे आहे. ग्रॅहम यांची यादी निघाली तेव्हा शिवडीची बाग उभी होती. पुढे बाग गेली तरी मुंबईत काय उगवत होते ते यादीमुळे राहिले. भायखळ्यात यादी आहे आणि झाडेही जागेवर आहेत. गोरखचिंच आणि कैलासपती आजही तिकीट काढून कोणालाही पाहता येतात.