आडनावातलं अवतरणचिन्ह आणि डेटाबेसची क्वेरी

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणात डि'सोझा, डि'मेलो, डि'कुन्हा ही आडनावं नवी नाहीत. आंब्याच्या हंगामात देवगड-रत्नागिरीचे बागायतदार आता वेबसाइटवरून थेट पेट्या विकतात. अशा वेबसाइटवरचं 'माझी ऑर्डर कुठे पोचली?' हे पान घेऊ. गिऱ्हाईक मोबाईल नंबर आणि आडनाव टाकतं, आणि प्रोग्रॅम ते तुकडे जोडून डेटाबेसला विचारायची क्वेरी तयार करतो. क्वेरीतले शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत:

सिलेक्ट * फ्रॉम मागणी व्हेअर मोबाईल = '९८…' अँड आडनाव = 'डि'सोझा'

डेटाबेसच्या लेखी आडनाव 'डि' इथेच संपलं. पुढचं 'सोझा' हा त्याला न कळणारा शब्द, आणि शेवटचं सिंगल कोट उघडंच राहिलेलं. क्वेरी फसते आणि गिऱ्हाइकासमोर एरर येते. यावर काही जण फॉर्ममध्ये ते चिन्ह टाकायलाच बंदी घालतात. हा उपाय चुकीचा आहे. माणसाचं आडनाव बरोबर आहे, चूक क्वेरी जोडण्यात आहे.

तीच चूक हेतुपुरस्सर वापरता येते. आडनावाच्या चौकटीत कुणी ' ऑर '१'='१ असं टाकलं, तर क्वेरीचा शेवट आडनाव = '' ऑर '१'='१' असा होतो. 'अँड' हा 'ऑर'च्या आधी जोडला जातो, त्यामुळे मोबाईलची अट एका बाजूला राहते, दुसरी बाजू प्रत्येक ओळीसाठी खरी ठरते आणि सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते नि नंबर पडद्यावर येतात. डेटाबेसच्या क्वेरी एसक्यूएल या भाषेत लिहितात, म्हणून यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. याचं जाहीर वर्णन १९९८ साली 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात आलं. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीतून याच वाटेने सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती गेली, आणि पुढच्या वर्षी तिला ४ लाख पौंडांचा दंड झाला.

जुना उपाय म्हणजे एस्केप करणं, म्हणजे खास चिन्ह इथे साधा मजकूर आहे अशी खूण करणं. एसक्यूएलच्या प्रमाणित नियमानुसार मजकुरातलं सिंगल कोट दोनदा लिहायचं: 'डि''सोझा'. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याआधी बॅकस्लॅश (\) दिला तरी चालतं. पण म्हणूनच तिथे बॅकस्लॅशलाही एस्केप करावं लागतं. नाहीतर मोबाईलच्या चौकटीत शेवटी नुसता \ टाकला की तो आपलं बंद करणारं कोट गिळतो आणि पुढच्या चौकटीतला मजकूर क्वेरीचा भाग बनतो.

एस्केप करणारं फंक्शन कॅरेक्टर सेट (कुठलं अक्षर कुठल्या बाइटांनी लिहायचं याचा तक्ता) ओळखणारं नसेल तर वेगळाच घोळ होतो. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतलं 'अ‍ॅडस्लॅशेस' हे फंक्शन बाइट पाहून बॅकस्लॅश घालतं. कनेक्शन चिनी जीबीके सेटवर असेल आणि कुणी हेक्समधले (सोळाच्या पायावर लिहिलेले) बीएफ २७ हे दोन बाइट पाठवले, तर फंक्शन २७ म्हणजे सिंगल कोट पाहून आधी ५सी म्हणजे बॅकस्लॅश घालतं: बीएफ ५सी २७. जीबीकेत बीएफ ५सी मिळून एक चिनी अक्षर होतं! बॅकस्लॅश त्या अक्षरात जिरला आणि कोट मोकळं सुटलं. मराठीसाठी आपण वापरतो त्या यूटीएफ-८ मध्ये हे होत नाही, कारण तिथे बहुबाइटी अक्षराच्या कुठल्याही बाइटची किंमत हेक्स ८० च्या खाली येत नाही. तरी कनेक्शनचा सेट 'सेट नेम्स' क्वेरीने न बदलता ड्रायव्हरच्या (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाच्या) स्वतःच्या फंक्शनने ठरवावा, म्हणजे एस्केप करणाऱ्यालाही तो कळतो.

शिवाय एस्केपचा उपयोग फक्त कोटांच्या आत. ऑर्डर क्रमांक आकडा म्हणून कोटांशिवाय जोडला असेल, तर '१०४ ऑर १=१' यात एस्केप करण्याजोगं काहीच नाही.

म्हणून क्वेरीचा मजकूर आणि माहिती एकत्र आणूच नये. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरी अशी जाते:

सिलेक्ट * फ्रॉम मागणी व्हेअर मोबाईल = ? अँड आडनाव = ?

डेटाबेस आधी एवढंच वाचून तिची रचना पक्की करतो. किमती, म्हणजे प्रत्यक्ष मोबाईल नंबर आणि आडनाव, नंतर वेगळ्या निरोपात जातात. छापील पावतीपुस्तकासारखं हे आहे: रिकाम्या जागेत काहीही लिहिलं तरी छापलेला मजकूर बदलत नाही. मात्र प्रिपेअर म्हणत आत पुन्हा प्लसने किंवा टिंबाने (कोडमधल्या मजकूर जोडायच्या चिन्हांनी) नाव चिकटवलं तर फायदा शून्य, आणि जुन्या कोडमध्ये हे फार वेळा दिसतं. पीएचपीच्या पीडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनात मायएसक्यूएलसाठी खऱ्या प्रिपेअरऐवजी त्याची नक्कल मुळातच चालू असते. ती सेटिंगमधून बंद करावी.

प्रश्नचिन्ह सगळीकडे चालत नाही. 'भावानुसार लावा' यातलं कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या जागी, दिलं, तर मायएसक्यूएल त्याला नुसता मजकूर समजतं. एररही येत नाही आणि यादीचा क्रमही लागत नाही. इथे परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये ठेवावी, आलेला शब्द तिच्यात असेल तरच यादीतलं नाव क्वेरीत घालावं. चढता-उतरता क्रमही तसाच. 'इन' (यादीतलं कुठलंही चालेल) या अटीच्या यादीसाठी जितक्या किमती तितकी प्रश्नचिन्हं लागतात, आणि यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नये.

'लाइक' या तुकड्यावरून शोधणाऱ्या अटीत % ('काहीही') आणि _ ('कुठलंही एक अक्षर') यांना खास अर्थ असतो आणि पॅरामीटर तो काढून घेत नाही. शोधाच्या चौकटीत नुसतं % टाकलं की सगळा माल समोर येतो. आधी एस्केपचं चिन्ह दुप्पट करावं, मग % आणि _ यांच्या आधी ते घालावं. क्रम उलटा केला तर आपणच घातलेली चिन्हं दुप्पट होतात.

एस्केप केलेला मजकूर साठवू नये. पेटीवरच्या लेबलवर डि\'सोझा किंवा डि'सोझा छापून येतं ते यामुळेच. उलट, नीट साठवलेलं नावही दुसऱ्या क्वेरीत जाताना पुन्हा पॅरामीटरनेच जायला हवं. हंगामाअखेरच्या हिशेबाचा कोड 'हे आपल्याच टेबलमधलं आहे' म्हणून नाव थेट जोडतो आणि तिथे हल्ला लागू पडतो.

वेबसाइटच्या डेटाबेस खात्याला टेबल पुसायचा अधिकार देऊ नये आणि एररचा तपशील पडद्यावर न दाखवता लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या नोंदींच्या फाइलमध्ये) ठेवावा. हंगामाआधी चाचणीच्या प्रतीवर प्रत्येक चौकटीत, लपवलेल्या फील्डमध्ये आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतल्या प्रत्येक किमतीत डि'सोझा, शेवटी \ आणि नुसतं % टाकून बघा. पान ठीक दिसलं तरी लॉग उघडा. तिथे वाक्यरचनेची एकही एरर असेल, तर ती क्वेरी अजून तुकडे जोडूनच बनतेय.