रिझर्व्ह बँक रोखे घेते-विकते, तेव्हा तुमच्या पैशांचे काय होते?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“गिल्ट फंड तर सरकारी, मग त्यात तोटा कसा?” व्याजदर चढू लागले की हा प्रश्न आमच्या काउंटरवर हमखास येतो. म्हणून हे पत्रक. गिल्ट फंड म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड.

आधी रोखा, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचा कागद, समजून घेऊ. १०० रुपये दर्शनी किंमत, ७ टक्के व्याज आणि १० वर्षे मुदत असलेला सरकारी रोखा तुमच्याकडे आहे. उद्या तशाच नव्या रोख्यावर ८ टक्के मिळू लागले, तर तुमचा रोखा १०० ला कोण घेईल? त्याला ९३ च्या आसपास भाव येईल. नवे रोखे ६ टक्क्यांवर आले, तर त्याच कागदाचे सुमारे १०७ होतील. मुदतीपर्यंत थांबलात तर १०० मिळणारच. फंडाला मात्र रोजचा बाजारभाव दाखवावा लागतो. लाल आकडा दिसतो तो त्यामुळे.

या भावांवर रिझर्व्ह बँकेच्या खरेदी-विक्रीचा मोठा परिणाम होतो. तिने घेतले की भाव चढतात, विकले की उतरतात. बँकांकडे रोकड आटली की रिझर्व्ह बँक बाजारातून रोखे घेते आणि त्याचे पैसे बँकांच्या खात्यात जमा करते. रोकड फार झाली की रोखे विकून ती काढून घेते. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो, तिची पतधोरण समिती ठरवते, पण बाजारातले दर त्याच्या जवळपास राहायचे तर रोकड मापात असावी लागते.

“म्हणजे सरकारला नोटा छापून देतात ना?” पूर्वी बरेचसे तसेच होते. सरकारच्या खात्यातली शिल्लक कमी पडली की तदर्थ ट्रेझरी बिले (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे) निघत आणि ती रिझर्व्ह बँकच घेई, तीही १९७४ पासून अवघ्या ४.६ टक्क्यांनी! ही सोय १९९७ मध्ये बंद झाली. एप्रिल २००६ पासून तर अपवाद वगळता केंद्राचे नवे रोखे थेट सरकारकडून घ्यायलाच बंदी आहे. आता घेतले जातात ते बाजारात आधीच विकले गेलेले रोखे. फरक नुसता कागदोपत्री आहे, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, कारण मधे बाजार असला की भाव सरकार ठरवत नाही.

तरी २०२१ मध्ये ही रेघ पुसट झाली होती, हे मान्य करायला हवे. सरकारची कर्जउभारणी प्रचंड होती आणि रिझर्व्ह बँकेने ‘जी-सॅप’ योजनेत खरेदीचा आकडा आधीच सांगून टाकला: एप्रिल ते जूनमध्ये १ लाख कोटी, जुलै ते सप्टेंबरमध्ये १.२ लाख कोटी. ऑक्टोबरमध्ये ही खरेदी थांबली. मे २०२२ पासून रेपो दर ४ टक्क्यांवरून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर गेला. लांब मुदतीचे गिल्ट फंड घेतलेल्यांना तो काळ आठवत असेल.

विकायला रोखेच कमी पडतील, अशीही वेळ येते. २००४ च्या सुमारास देशात डॉलर येत होते. ते विकत घेताना रुपये बाहेर जात आणि ते परत शोषायला रोख्यांचा साठा अपुरा पडू लागला. मग सरकारने खास याच कामासाठी रोखे काढले. त्यातून आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, खर्चायचे नाहीत. नोटाबंदीनंतर बँकांत पैशांचा पूर आला तेव्हा याच योजनेची मर्यादा ३० हजार कोटींवरून ६ लाख कोटी करावी लागली.

तुमच्यापुरते एवढेच: दोन-तीन वर्षांत लग्न, फी किंवा घराचा हप्ता असेल, तर तो पैसा लांब मुदतीच्या गिल्ट फंडात नको. त्यासाठी मुदत ठेव किंवा कमी मुदतीचा फंड बघू. रिझर्व्ह बँक रोखे घेणार अशी बातमी वाचून फंडात उडीही घेऊ नका. बाजाराने ती बहुधा आधीच भावात धरलेली असते.

मुदतीपर्यंत थांबायची तयारी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या संकेतस्थळावर थेट सरकारी रोखे घेण्याचे खाते मोफत उघडते. दर्शनी किमतीने १०,००० रुपयांपासून रोखा घेता येतो. यात आम्हाला कमिशन नाही, पण फॉर्म भरताना अडलात तर पॅन, बँकेचे तपशील आणि ओटीपी येणारा मोबाइल घेऊन या.