नवाहो संभाषण: पुस्तक कोणासाठी?

नवाहो भाषेतलं रोजचं बोलणं शिकवणारी पुस्तकं निघू लागली, तेव्हा त्यांचे वाचक परके होते. आज तीच पुस्तकं नवाहो घरातली नातवंडं उघडतात. मधल्या शंभरेक वर्षांत काय घडलं, याची ही हकीकत.

स्वतःला ‘दिने’, म्हणजे ‘माणसं’, म्हणवणारा हा मूळनिवासी नवाहो समाज अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांत राहतो. लोकर आणि घोंगड्या घेऊन पीठ, साखर, कॉफी देणारे गोरे दुकानदार मोडक्यातोडक्या नवाहोवर धंदा निभावत. १८९८ मध्ये आरिझोनातल्या सेंट मायकल्सला आलेल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं तेवढ्यावर भागेना. त्यांनी १९१० मध्ये शब्दकोश छापला. पुढे रॉबर्ट यंग आणि स्वतः नवाहो असलेले विल्यम मॉर्गन यांनी लिपीची घडी बसवली आणि १९४३ मध्ये त्यांचा कोश निघाला.

परके शिकत होते आणि घरच्यांना मात्र बंदी होती. १८६८ च्या तहात ६ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना इंग्रजी शिक्षण सक्तीचं केलं होतं. पुढे निघालेल्या निवासी शाळांमध्ये तोंडून नवाहो शब्द गेला की साबणाने तोंड धुतलं जाई. आणि १९४२ मध्ये त्याच भाषेवर अमेरिकी मरीन दलाची गुप्त संदेशयंत्रणा उभी राहिली! दुसऱ्या महायुद्धात नवाहो सैनिक याच भाषेतल्या सांकेतिक शब्दांनी निरोप पाठवत: रणगाड्याला ‘कासव’, पाणबुडीला ‘लोखंडी मासा’. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, म्हणून लांबवत नाही.

शिकणारा अडतो तो क्रियापदाशी. ‘मला दे’ म्हणायचं, तर काय द्यायचंय हे आधी ठरवावं लागतं. दोरीसारखं लांब लवचीक, कागदासारखं पातळ, पेल्यात भरलेलं, लोकरीसारखं भुसभुशीत, अशा प्रत्येकासाठी क्रियापदाचं मूळच वेगळं. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो. त्यामुळे मराठी माणसाला याची थोडी चुणूक असते, पण तिकडे हा कारभार फार पुढे गेलेला आहे. शिवाय स्वर उंच की खालचा यावर अर्थ फिरतो: ‘औषध’ आणि ‘तोंड’ या शब्दांत फरक तेवढाच.

नात्याचा शब्द सुटा उभाच राहत नाही. ‘शिमा’ म्हणजे माझी आई. नुसती ‘आई’ म्हणायची तरी ‘कुणाची तरी आई’ असंच म्हणावं लागतं. ओळख करून देताना आधी आईचं कुळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, शेवटी वडिलांच्या वडिलांचं, अशी चार कुळं सांगायची. त्यावरून समोरच्याला ताई म्हणायचं की आजी, हे ठरतं. माझ्या मते संभाषणाचा खरा पहिला धडा हाच. ‘बाजार कुठे आहे’ हे नंतर.

१९६६ मध्ये आरिझोनातल्या रफ रॉकला नवाहो लोकांनी स्वतः चालवलेली शाळा सुरू झाली, १९६८ मध्ये त्यांचंच महाविद्यालय, आजचं दिने कॉलेज. १९६७ मध्ये अर्वी गूसेन यांचं संभाषणाचं पुस्तक आलं. तेव्हा बहुतेक मुलं शाळेत पहिलं पाऊल टाकताना नवाहोच बोलत होती. पुढच्या दोन पिढ्यांत घराघरात इंग्रजी शिरली. भाषा बोलणारे आजही दीड लाखाच्या वर आहेत, पण त्यांत लहान मुलं कमी. २००८ मध्ये न्यू मेक्सिकोने नवाहोचं पाठ्यपुस्तक अधिकृतपणे स्वीकारलं. २०१८ मध्ये ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर धडे आले.

मधल्या काळात निवडणुकीतही हा वाद शिरला. २०१४ मध्ये नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे या समाजाच्या स्वतःच्या शासनाच्या, अध्यक्षपदाचे उमेदवार ख्रिस डेशेने भाषेवर पुरेसं प्रभुत्व नसल्याच्या कारणावरून अपात्र ठरले. पुढच्याच वर्षी सार्वमत झालं आणि उमेदवाराला नवाहो कितपत यावी, हे मतदारांनीच ठरवावं असा कौल लागला.